नातलगांचे नमुने फेकू नका: कुटुंबांच्या डेटावर जनुकांचा गुणांशी असलेला संबंध कसा तपासायचा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ४८० कुटुंबांतल्या २,४०० जणांचे जीनोटाइप (डीएनएच्या ठरावीक जागांवरची अक्षरं) हाताशी आहेत, म्हणजे दर कुटुंबामागे सरासरी पाच जण. बहुतेक ठिकाणी सख्खी भावंडं आहेत, काही ठिकाणी आईवडीलही. एलडीएल कोलेस्टेरॉल आणि टाइप २ मधुमेह या दोन गोष्टींशी कोणते एसएनपी, म्हणजे डीएनएतली माणसागणिक बदलणारी एकेक अक्षरं, जोडलेले आहेत ते शोधायचं आहे. निकाल पुढे दुसऱ्या गटाच्या डेटावर पडताळायचे आहेत. मार्गदर्शक म्हणतात, रिग्रेशनमध्ये पहिले दहा प्रिन्सिपल कंपोनंट (जीनोटाइपमधल्या मुख्य भेदांचे अक्ष) घाला, पुरे होईल. लेखाचे परीक्षक म्हणतात, प्रत्येक कुटुंबातला एकच माणूस ठेवा. कोणाचं ऐकावं?

दोघांचंही नको. मार्गदर्शकांच्या मार्गाने खोटे निकाल हाती येतील आणि परीक्षकांच्या मार्गाने कष्टाने गोळा केलेला चार पंचमांश डेटा कचऱ्यात जाईल. हे नुसतं मत म्हणून सांगत नाही, आकडे मांडूनच दाखवतो.

समजा सगळी कुटुंबं पाच-पाच सख्ख्या भावंडांची आहेत. सख्ख्या भावंडांच्या जीनोटाइपमधला सहसंबंध ०.५ असतो. एलडीएलच्या बाबतीत भावंडांमधला सहसंबंध, रक्ताचा आणि घरच्या सवयींचा मिळून, ०.४ धरू. आता नातं विसरून साधं रिग्रेशन चालवलं, तर ज्या एसएनपीचा एलडीएलशी काडीचा संबंध नाही त्याच्याही टेस्ट-स्टॅटिस्टिकचा व्हेरिअन्स (आकड्यांचा पसारा) १ न राहता १ + ४ × ०.५ × ०.४, म्हणजे १.८ होतो. चार म्हणजे प्रत्येकाची उरलेली चार भावंडं. ऐकायला हा आकडा फार मोठा वाटत नाही. पण जीनोमभरच्या शोधात आपण वितरणाच्या अगदी टोकाला बसलेलो असतो. तिथली पीची, म्हणजे निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याच्या शक्यतेची, नेहमीची मर्यादा २ कोटींत १ अशी, झेडच्या (शून्यापासूनच्या प्रमाणित अंतराच्या) भाषेत ५.४५. व्हेरिअन्स १.८ झाला की ५.४५ चा झेड खरं तर ४.०६ च्याच लायकीचा उरतो, आणि तो निव्वळ योगायोगाने २० हजारांत एकदा येतो. दहा लाख स्वतंत्र एसएनपी तपासले तर पन्नासच्या आसपास खोटे ‘शोध’ लागतील, आणि प्रत्येकाचा पी इतका देखणा असेल की त्यावर कोणाला शंकाही येणार नाही.

आता उलट बाजू बघा. प्रत्येक घरातला एकच ठेवला तर उरले ४८०. तेच २,४०० जण नात्याचा हिशेब ठेवणाऱ्या मॉडेलमध्ये, म्हणजे मिक्स्ड मॉडेलमध्ये, घातले, तर वरच्याच गृहीतकांवर माहितीचं मोल जवळपास २,१५० परक्या माणसांइतकं भरतं. कसं, तेही सांगतो, कारण हे गणित पुढे पुन्हा लागणार आहे. कुटुंबाची माहिती दोन भागांत फुटते. एक, कुटुंबाची सरासरी: जीनोटाइपकडून ३ (१ + ४ × ०.५), उरलेल्या व्हेरिअन्सकडून २.६ (१ + ४ × ०.४), भागाकार १.१५. दुसरा, घरातल्या घरातले फरक: ते चार, प्रत्येकी ०.५ (१ − ०.५) भागिले ०.६ (१ − ०.४), मिळून ३.३३. बेरीज ४.४८. म्हणजे पाच भावंडं साडेचार परक्या माणसांइतकी माहिती देतात. परीक्षकांना उत्तर लिहिताना हा हिशेब जसाच्या तसा मांडा. माझा अनुभव असा की नुसतं ‘मिक्स्ड मॉडेल वापरलं आहे’ म्हटल्याने जे पटत नाही ते अशा चार ओळींनी पटतं.

प्रिन्सिपल कंपोनंटनी का भागत नाही? २००६ साली ही पद्धत जीडब्ल्यूएएसमध्ये, म्हणजे अशा जीनोमभरच्या शोधांत, रुजली ती लोकसमूहांमधले मोठे, पसरट भेद पकडण्यासाठी. दोन-चार मोठ्या दिशा सापडतात, त्या मॉडेलमध्ये घातल्या की काम होतं. पण तुमच्याकडे ४८० छोटे छोटे गठ्ठे आहेत आणि प्रत्येकाची दिशा वेगळी. दहा अक्षांत ते मावत नाहीत. त्यात आणखी एक खोट आहे. नातलगांसकट कंपोनंट काढले तर एखादं मोठं कुटुंबच तिसरा किंवा चौथा अक्ष बळकावून बसतं आणि आपण त्याला लोकसमूहाचा भेद समजून बसतो. म्हणून आधी एकमेकांशी नातं नसलेला एक संच निवडायचा, त्यावर अक्ष काढायचे आणि बाकीच्यांना त्या अक्षांवर प्रक्षेपित करायचं. पीसी-एअर ही पद्धत हेच करते. कंपोनंट घ्याच, पण मिक्स्ड मॉडेलच्या जोडीला. दोघांची कामं वेगळी आहेत.

पण मॉडेलकडे वळण्याआधी एक काम करा. वंशावळीचा कागद बाजूला ठेवा आणि प्रत्येक जोडीचा किनशिप गुणांक, म्हणजे रक्ताच्या नात्याचं माप, थेट जीनोटाइपवरून काढा. किंग हे सॉफ्टवेअर २,४०० जणांच्या सगळ्या जोड्या चुटकीसरशी तपासतं. ०.३५४ च्या वर म्हणजे एकसारखे (एकबीज) जुळे किंवा तोच नमुना दोनदा आलेला. ०.१७७ ते ०.३५४ म्हणजे पालक-अपत्य किंवा सख्खी भावंडं. ०.०८८४ पर्यंत दुसऱ्या पातळीचं नातं: काका-पुतण्या, आजी-नात, आई किंवा वडील एकच असलेली सावत्र भावंडं. ०.०४४२ पर्यंत तिसऱ्या पातळीचं. चुलत, मामे, आते, मावस अशी चार वेगळी नावं आपल्याकडे आहेत, पण किनशिपला चौघंही सारखेच, १/१६. पालक-अपत्य आणि सख्खी भावंडं या दोन्हींचा गुणांक ०.२५ च असतो, त्यामुळे त्यांना ओळखायची खूण वेगळी आहे. प्रत्येक एसएनपीची आपल्याकडे दोन रूपं असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून; त्यांना अ‍ॅलील म्हणतात. पालक आणि अपत्य प्रत्येक ठिकाणी निदान एक अ‍ॅलील सामायिक बाळगतात. म्हणून ज्या एसएनपीवर एकाकडे एकाच प्रकारची दोन आणि दुसऱ्याकडे नेमकी उलटी दोन अ‍ॅलील आहेत, असे एसएनपी त्यांच्या जोडीत जवळपास शून्य असतात. भावंडांच्या जोडीत असे पुष्कळ सापडतात.

या तपासणीवर माझा इतका भर का, तर एका प्रकल्पात तिनेच आम्हाला वाचवलं. एका प्लेटवरच्या आया आणि मुलं यांच्यातला किनशिप शून्याच्या आसपास येत होता, आणि भलत्याच घरातली माणसं एकमेकांची सख्खी ठरत होती. एखाद-दुसरी जोडी चुकली असती तर नमुन्यावरचं नाव चुकलं म्हटलं असतं. इथे अख्खी प्लेट चुकत होती. आकृती कागदावर काढून बघितली तेव्हा लक्षात आलं की ९६ खणांची प्लेट मशीनमध्ये उलटी फिरवून ठेवली गेली होती. ए१ च्या जागी एच१२, ए२ च्या जागी एच११, सगळं तसंच. नावं उलट क्रमाने लावली आणि नाती जागच्या जागी बसली. सगळे नमुने परक्या माणसांचे असते तर किनशिपवरून ही चूक कधीच कळली नसती, कारण परक्यांचा किनशिप सरळ प्लेटवरही शून्य आणि उलट्या प्लेटवरही शून्यच. कुटुंबांच्या डेटाचं हे बळ लोक विसरतात.

याच टप्प्यावर कधी कधी असं दिसतं की नोंदीतले वडील जैविक वडील नाहीत. ती माहिती विश्लेषण करणाऱ्यापाशीच राहिली पाहिजे. वंशावळीची फाइल दुरुस्त करा, तो दुवा काढा, पण कुटुंबापर्यंत, क्षेत्रकार्य करणाऱ्यांपर्यंत किंवा लेखातल्या आकृतीपर्यंत ती जाता कामा नये. छोट्या गावातलं कुटुंब वंशवृक्षाच्या नुसत्या आकारावरूनही ओळखू येतं.

अ‍ॅलीलची वारंवारता आणि हार्डी-वाइनबर्गची चाचणी (जीनोटाइपचं प्रमाण अपेक्षेप्रमाणे आहे का ते बघणारी) नातं नसलेल्या संचावरच करा. आईवडील असलेल्या घरांत मेंडेलच्या नियमाला न जुमानणारे जीनोटाइप मोजा, खराब एसएनपी तिथेच उघडे पडतात. या दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवायची गरज नाही.

आता मुख्य मॉडेल. कल्पना जुनी आहे. १९१८ मध्ये फिशर यांनी दाखवलं की मेंडेलचे अनेक छोटे घटक एकत्र आले की नातलगांमध्ये जे साम्य दिसतं त्याचं गणित मांडता येतं. १९५० च्या सुमारास चार्ल्स हेंडरसन यांनी पशुपैदाशीसाठी त्यातून मिक्स्ड मॉडेलची समीकरणं उभी केली. अडचण साधी होती: वळू काही दूध देत नाही, मग चांगला वळू ओळखायचा कसा? त्याच्या लेकींच्या दुधावरून, आणि प्रत्येक लेक त्याला किती जवळची आहे याचा हिशेब ठेवून. २००६ मध्ये मक्याच्या वाणांवर काम करणाऱ्या मंडळींनी हेच यंत्र एकेका मार्करच्या चाचणीला जोडलं. आज आपण माणसांवर जे चालवतो ते त्याच घराण्यातलं आहे.

मॉडेल म्हणतं: एलडीएल = वय, लिंग, कंपोनंट यांचा वाटा + तपासायच्या एसएनपीचा वाटा + प्रत्येकाचा न दिसणारा जनुकीय वारसा + उरलेलं. तिसरा तुकडा रँडम इफेक्ट, म्हणजे ज्याचा फक्त पसारा आणि माणसामाणसांतलं साम्य मॉडेलला सांगायचं असा घटक. दोन माणसांच्या वारशातलं साम्य त्यांच्या किनशिपच्या दुपटीच्या प्रमाणात असतं, असं आपण त्याला सांगतो. मग एका घरातले पाच आकडे म्हणजे पाच स्वतंत्र साक्षी, हा गैरसमज मॉडेल करत नाही. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) घेणाऱ्यांचं एलडीएल तसंच ठेवू नका. मोजलेल्या आकड्याला ०.७ ने भागून औषधाआधीची पातळी अंदाजणं ही रूढ पद्धत आहे.

नात्यांचं मॅट्रिक्स, म्हणजे जोडीजोडीच्या नात्याचा तक्ता, वंशावळीवरून घ्यायचं की जीनोटाइपवरून? जीनोटाइपवरून. कागदावर सख्खी भावंडं नेमकी निम्मी सामायिक असतात, पण प्रत्यक्षात तो वाटा जोडीगणिक हलतो. २००६ मध्ये ४,४०१ जोड्यांवर मोजलं तेव्हा तो ०.३७ पासून ०.६२ पर्यंत पसरलेला निघाला. शिवाय दूरची, कोणाच्या लक्षात न राहिलेली नातीही जीनोटाइपमध्ये दिसतात. इथे एक खाचखळगा आहे. काही सॉफ्टवेअर किनशिप देतं, भावंडांसाठी ०.२५, तर काही त्याची दुप्पट, ०.५. चुकीचं घातलं तरी एकाच मॅट्रिक्सच्या मॉडेलमध्ये एसएनपीचा पी बदलत नाही, कारण व्हेरिअन्सचा घटक तेवढा फुगून किंवा आक्रसून घेतो. मात्र आनुवंशिकतेचा, म्हणजे फरकातल्या जनुकांच्या वाट्याचा, आकडा साफ चुकतो. तसंच, वेगळ्या वंशपरंपरेच्या दोन माणसांमध्ये किंग उणे किनशिप दाखवतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण ते मॅट्रिक्स जसंच्या तसं मॉडेलमध्ये घालू नका. त्यासाठी पीसी-रिलेटसारखी पद्धत घ्या, ती लोकसमूहाचा भाग वजा करून मग नातं मोजते.

आणि आता ती गोष्ट, जी बहुतेक लेखांत सुटलेली मला दिसते. भावंडांचं एलडीएल एकसारखं असतं ते फक्त जनुकांमुळे नाही. एकाच घरचं जेवण, एकच दिनक्रम, वजनाच्या सारख्या सवयी. जनुकीय मॅट्रिक्सला हे माहीत नसतं. म्हणून घर हा दुसरा रँडम इफेक्ट घाला: एका छताखाली वाढलेल्या सगळ्यांना एकच सामायिक धक्का. तुमच्याकडे काही घरांत आईवडील आहेत हे इथे फार मोलाचं आहे. पालक-अपत्य आणि भावंडं यांचा किनशिप सारखाच, पण बालपणाचं घर फक्त भावंडांचं सामायिक. या फरकामुळेच मॉडेलला दोन्ही घटक वेगळे करता येतात. नुसती भावंडं असती तर दोन्ही एकमेकांत मिसळून गेले असते.

आणखी एक बारकावा. ज्या एसएनपीची चाचणी चालली आहे तोच मॅट्रिक्समध्येही असेल, तर त्याचा थोडा परिणाम रँडम इफेक्ट गिळून टाकतो आणि चाचणी लंगडी पडते. म्हणून जे गुणसूत्र तपासत आहोत ते सोडून बाकीच्यांवरून मॅट्रिक्स बनवायचं, असे बावीस मॅट्रिक्स. मात्र इतक्या लहान, कुटुंबांनी भरलेल्या संचात एखादं गुणसूत्र काढल्याने जवळच्या नात्यांचा अंदाज किंचित सैल होतो. दोन्ही तऱ्हांनी चालवा. वरचे निकाल दोन्हीकडे तेच राहिले तर निर्धास्त व्हा.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर २,४०० ही संख्या इतकी लहान आहे की जेम्मासारखं अचूक गणित करणारं साधन साध्या संगणकावर चालतं. बोल्ट-एलएमएम, सेज, रेजिनी ही नावं हल्ली सगळीकडे ऐकू येतात. ती लाखोंच्या संचांसाठी घडवलेली आहेत, आणि तिथे ती लागतातच. यूके बायोबँकेत पाच लाखांच्या आसपास माणसं आहेत आणि त्यांतल्या सुमारे ३० टक्के लोकांचा तिसऱ्या पातळीपर्यंतचा एखादा नातलग त्याच संचात आहे, कुटुंबं मुद्दाम गोळा केलेली नसूनही. एवढ्या मोठ्या मॅट्रिक्सचं अचूक गणित परवडत नाही म्हणून ते अंदाजाने चालवतात. तुम्हाला ती तडजोड करायची गरज नाही. घराचा दुसरा रँडम इफेक्ट हवा असेल तर जेनेसिस किंवा जीमॅट घ्या.

मधुमेहाचा प्रश्न वेगळा आहे, तिथे घाई करू नका. आजारी १, निरोगी ० असे आकडे धरून तेच रेषीय मॉडेल चालवायचा मोह होतो. आजाराचं प्रमाण लोकसमूहांनुसार बदलत असेल तर ते फसतं, कारण हो-नाही प्रकारच्या आकड्याचा व्हेरिअन्स त्याच्या सरासरीवर अवलंबून असतो आणि रेषीय मॉडेल तो सगळीकडे सारखा धरतं. जीमॅट २०१६ मध्ये याच कारणासाठी पुढे आलं: लॉजिस्टिक, म्हणजे हो-नाही उत्तरांसाठीचं, मिक्स्ड मॉडेल. आजारी फार थोडे आणि व्हेरिअंट (डीएनएतला बदल) दुर्मीळ असेल तर आणखी सेडलपॉइंटची दुरुस्ती (वितरणाच्या टोकाचा पी नीट काढणारी) लागते, ती सेजमध्ये आहे.

पण त्याही आधी मला हे कळायला हवं: ही कुटुंबं निवडली कशी? घरात दोन मधुमेही असतील तरच कुटुंब घ्यायचं, असा नियम होता का? असेल तर हा संच लोकसंख्येचा नमुना नाही. त्यावरून काढलेला ऑड्स रेशो लोकांमधल्या जोखमीचा आकडा म्हणून छापता येणार नाही, आणि आनुवंशिकतेचा अंदाजही निवडीच्या नियमाने वाकलेला असेल. शून्य परिणामाची चाचणी बहुधा टिकते, परिणामाचा आकार टिकत नाही. निवडीचा नियम लेखाच्या पद्धती विभागात पहिल्या परिच्छेदात लिहा.

अशा निवडलेल्या कुटुंबांसाठी एक देखणी चाचणी आहे, टीडीटी (ट्रान्समिशन डिसइक्विलिब्रियम टेस्ट). १९९३ मध्ये स्पीलमन, मॅकगिनिस आणि युवेन्स यांनी ती इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या मधुमेहासाठी मांडली. आजारी मूल आणि त्याचे आईवडील घ्यायचे. ज्या पालकाकडे दोन वेगळी अ‍ॅलील आहेत त्याने मुलाला कोणतं दिलं, एवढंच बघायचं. संबंध नसेल तर निम्म्या वेळा हे, निम्म्या वेळा ते. समजा असे १०० पालक आहेत, ६२ जणांनी पहिलं अ‍ॅलील दिलं, ३८ जणांनी दुसरं. फरक २४, त्याचा वर्ग ५७६, भागिले १००, म्हणजे ५.७६. पी सुमारे ०.०१६. यात लोकसमूहाच्या भेदाला शिरायला जागाच नाही, कारण तुलना एकाच पालकाच्या दोन अ‍ॅलीलमध्ये आहे. किंमत अशी की दोन्ही अ‍ॅलील सारखी असलेले पालक मोजणीतून बाद होतात आणि आईवडील नसलेली घरंही. आणि एका घरातली दोन-तीन आजारी मुलं स्वतंत्र साक्षी म्हणून मोजू नका. जिथे लिंकेज (घराघरांत आजारासोबत तो डीएनएचा भागही वारशाने उतरणं) आधीच माहीत आहे अशा भागात एसएनपीचा आजाराशी संबंध तपासताना ती एकमेकांना बांधलेली असतात. एफबॅट हा याच कल्पनेचा विस्तार, त्यात पालक नसले तरी भावंडांवरून काम चालतं.

याच धाग्यावरून तुमच्या डेटाची खरी श्रीमंती सांगतो, जी तुमच्या प्रश्नात कुठे आलेली नाही. घरातल्या घरातला फरक. दोन सख्ख्या भावंडांपैकी कोणाला कोणतं अ‍ॅलील मिळालं हे मेंडेलच्या सोडतीवर ठरतं. आईवडील, घर, वंशपरंपरा सगळं तेच. म्हणून प्रत्येक भावंडाचा जीनोटाइप दोन तुकड्यांत मांडा, कुटुंबाची सरासरी आणि त्या सरासरीपासूनचं अंतर, आणि दोन्ही मॉडेलमध्ये घाला. अंतराचा गुणांक म्हणजे त्या व्हेरिअंटचा, किंवा त्याच्या शेजारच्या एखाद्याचा, थेट परिणाम. सरासरीचा गुणांक त्याहून मोठा आला तर त्यात दुसरं काही मिसळलं आहे: लोकसमूहाचा उरलेला भेद, जोडीदार निवडण्यातलं साम्य, किंवा आईवडिलांच्या जनुकांचा घराच्या वातावरणातून मुलांवर झालेला परिणाम. हा शेवटचा परिणाम खरोखर असतो. २०१८ मध्ये आइसलँडच्या डेटावर दिसलं की आईवडिलांनी मुलाला न दिलेली अ‍ॅलीलही मुलाच्या शिक्षणाशी जोडलेली असतात. २०२२ मध्ये १९ संचांतल्या १,७८,०८६ भावंडांवर जो अभ्यास झाला, त्यात शिक्षणासारख्या गुणांचे परिणाम घरातल्या घरात बरेच आक्रसले, पण एलडीएलसारख्या रक्तातल्या मोजमापांमध्ये तसा फरक जवळपास दिसला नाही. तुमच्या एलडीएलसाठी ही चांगली खबर आहे. मुख्य निकाल मिक्स्ड मॉडेलचा द्या आणि वरच्या प्रत्येक एसएनपीसमोर घरातल्या घरातला आकडाही छापा.

किंमत किती पडेल? वरचा हिशेब आठवा: साडेचारपैकी ३.३३ वाटा घरातल्या फरकांचा. म्हणजे ही कडक चाचणीसुद्धा १,६०० परक्या माणसांइतकी ताकद राखते. परीक्षकांनी सुचवलेल्या ४८० च्या तिपटीहून जास्त.

शेवटची तपासणी क्यूक्यू आलेखाची (अपेक्षित आणि प्रत्यक्ष पी समोरासमोर मांडणारा). लॅम्डा, म्हणजे टेस्ट-स्टॅटिस्टिक किती फुगले याचं माप, १ च्या आसपास हवा. १.०५ च्या वर गेला तर आधी घराचा रँडम इफेक्ट आणि चुकलेली नाती पुन्हा बघा. लॅम्डाने सगळ्या निकालांना सरसकट भागून टाकू नका. १९९९ पासूनची ती युक्ती सौम्य फुगवट्यासाठी होती, इथे ती खरे संकेतही दाबते. पी तपासण्यासाठी परम्युटेशन (आकडे यादृच्छिक फिरवून तुलना) करायचं असेल तर एलडीएलचे आकडे सगळ्या २,४०० जणांत मुक्तपणे फिरवू नका, त्याने घराघरातलं साम्य मोडतं आणि शून्य वितरण खोटं बनतं. त्याऐवजी वंशावळीच्या वरच्या पिढीला यादृच्छिक अ‍ॅलील द्या आणि मेंडेलच्या नियमाने ती खाली उतरवत न्या. फेनोटाइप, म्हणजे इथे एलडीएल, जागच्या जागी राहतो, फक्त जनुकं नव्याने वाटली जातात.

दुसऱ्या गटाच्या डेटावर हे निकाल पडताळणार आहात असं लिहिलं आहे. तिथे पाठवण्याआधी दोन्ही संच एकत्र करून किंग पुन्हा चालवा. एकाच परिसरातून नमुने घेतले असतील तर तुमच्या घरांची चुलत-मावस भावंडं त्या संचात असायची दाट शक्यता आहे, आणि मग ती पडताळणी स्वतंत्र राहत नाही.